मंडईतली चूल परत बसू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यातल्या आमच्या पत्र्याखालच्या भाजी मंडईबद्दल लिहितो आहे. मध्यंतरी तिची डागडुजी झाली. ओट्यांना नव्या फरशा बसल्या, दिवे बदलले, गटारावर झाकणं आली. काम चांगलं झालंय. पण त्याच वेळी मागच्या कोपऱ्यातली झुणका-भाकरीची चूल उठवली, ती परत बसू दिलेली नाही. तिच्याजवळचे दोन लाकडी बाकही गेले. तिथं आता मोटारसायकली लागतात.

मी 31 वर्षं एसटीत वाहक होतो. त्यातली बरीच मुक्कामी गाडीवर गेली. परळी, ठोसेघर, मेढा या अंगाच्या गावांतून पहाटे गाडी सुटायची तेव्हा पुढच्या बाकांवर मंडईला निघालेल्या बायकाच जास्त असायच्या. मेथी, चाकवत, पोकळ्यानं भरलेल्या पाट्या, वर ओलं फडकं. पाटी चढवायला मी हात लावायचो. ह्या बायका घरून निघायच्या घोटभर चहावर. मंडईत माल मांडायचा, भवानी झाली की शेजारणीला 'जरा बघ गं' म्हणून चुलीकडं जायचं, हा त्यांचा रोजचा क्रम. दिवसातलं पहिलं गरम अन्न त्यांना त्या कोपऱ्यात मिळायचं.

निवृत्तीनंतर मी आणि मंडळी दर रविवारी तिथंच जायचो. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, दोन पिशव्या भरेस्तोवर पाय भरून येतात. मग ती बाकावर बसायची आणि मी उरलेला बाजार करायचो. चुलीवरच्या मावशी परातीत पीठ मळायच्या, पाण्याचा हात घेऊन भाकरी थापायच्या, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायच्या आणि शेवटी तवा बाजूला करून ती जाळावर धरायच्या. टम्म फुगली की पापुद्रा उचलून आत झुणका, त्यावर कच्च्या तेलाची धार, शेजारी ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. झुणक्यात कांद्याची पात असायची. ओट्यावर आदल्या संध्याकाळी उरलेल्या पातीच्या जुड्या मावशीच विकत घ्यायच्या. विकणारीचा माल वाया जायचा नाही आणि आमच्या ताटात पात यायची.

चूल गेल्यापासून काय झालंय ते कुणीही सकाळी नऊ वाजता येऊन बघावं. गिऱ्हाईक आत येईना झालंय. रस्त्यावरच गाडी थांबवायची, पायसुद्धा खाली टेकवायचा नाही, कोथिंबीर-टोमॅटो घेऊन पुढं जायचं. गिऱ्हाईक बाहेर, म्हणून पाट्याही बाहेर. नव्या फरशांचे निम्मे ओटे रिकामे आणि बायका रस्त्याच्या कडेला उन्हात. आषाढात तर डोक्यावर प्लॅस्टिकचा कागद घेऊन बसतात, आणि पाठीमागं दहा पावलांवर कोरडं छप्पर उभं असतं. मग वाहतुकीला अडथळा होतो म्हणून त्यांनाच उठवायला गाडी येते. पूर्वी लोक भाकरी खायला म्हणून आत यायचे आणि जाताना भाजी घेऊन जायचे. माणूस दहा मिनिटं बसला की समोरचा ताजा पावटा त्याच्या डोळ्यांत भरतोच. चूल उठवताना हा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

परवा लेकीकडं पुण्याला गेलो होतो. स्वारगेटला उतरून भुयारी मेट्रोनं एकच स्टेशन, मंडई. सव्वाशे वर्षांहून जुनी इमारत आहे ती, 1886 साली रे मार्केट म्हणून सुरू झालेली, मधोमध अष्टकोनी मनोरा. आत उंच छताखाली गार वाटतं. आम्ही दोघं पेरू घेऊन एका पायरीवर बसलो. बाहेर आल्यावर अमृततुल्यात चहा घेतला, मग परत आत जाऊन लसूण घेतला. मंडळी म्हणाली, इथं पाय दुखला नाही. ती मंडई बांधायची ठरली तेव्हा जोतीराव फुले नगरपालिकेत सदस्य होते आणि हा पैसा शिक्षणावर खर्च करा म्हणून त्यांनी विरोध केला होता. पुढं त्याच इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. त्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. इमारतीवर पैसे घालताना गरिबाच्या पदरात काय पडतं, हा त्यांचा प्रश्न त्या पायरीवर बसल्या बसल्या मला आपल्या मंडईबद्दल पडला.

चुलीमुळं धूर होतो, पत्रा काळा पडतो, आगीची भीती असते, हे मला मान्य आहे. धूर मीही सोसलाय. मग लाकडाऐवजी गॅसची शेगडी द्या, वर धुराडं काढा, शेजारी वाळूच्या बादल्या ठेवा. भांडी धुवायला एक नळ आणि गटाराला जोडलेली मोरी द्या. चार बाक द्या, पाठ टेकता येईल असे. आणि बायकांसाठी कुलूप न लावलेलं स्वच्छतागृह द्या. पहाटे चारला घर सोडलेली बाई दुपारपर्यंत पाणी प्यायचं का टाळते, हे मंडईतल्या कुठल्याही ओट्यावर विचारा.

2014 च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणं शहराच्या पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधलेच असायला हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला. मंडईत काय ठेवायचं आणि काय काढायचं ते ठरवताना ह्या बायकांना बोलवा. मार्च 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय. भाड्याचे पैसे वाचतात म्हणून आणखी काहीजणी पाटी घेऊन यायला लागल्यात. त्यांना बसायला आत जागा आहे, फक्त गिऱ्हाईक आत यायला हवं.

गेल्या रविवारी कोरेगावकडची एक ओळखीची बाई रस्त्याच्या कडेला वाघ्या घेवडा घेऊन बसली होती. माझ्याच गाडीला यायची. मापट्यानं घेवडा माझ्या पिशवीत ओतला आणि वर मूठभर जास्त घातला. मग कुणाच्या तरी स्कूटरच्या आडोशाला वळून तिनं फडक्यातली घरची गार भाकरी काढली आणि उभ्यानंच खाल्ली. मंडळीनं पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली. तिनं दोन घोट घेतले आणि म्हणाली, "बास, जास्त नको."

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक, सातारा