चि. आणि कै.

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

तुझी आज सकाळची स्टोरी आईने दाखवली. कुणा आजोबांनी तुझ्या पोस्टखाली लिहिलेलं: 'पुर्वी असे कांहीं वाचायला मिळे, परंतू आता नाही. तुमचे नांव मोठे होवो.' चार शब्दांना लाल गोल, आणि वर तुझा शेरा, 'यांना पुन्हा पहिलीत बसवा'. आई हसली. मीही हसलो, खोटं कशाला बोलू? मग चष्मा लावून, जुन्या सवयीने, ते चार शब्द नीट पाहिले.

'पुर्वी' आणि 'परंतू' चूक, कबूल. पण 'कांहीं' आणि 'नांव'? बाळा, १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम आले, त्याआधी उच्चारात नसलेले हे अनुस्वार देणं हेच शुद्ध होतं. आजोबा त्याआधी शाळेत गेले असणार. 'असें'वरचं टिंब त्यांनी सोडलं, 'कांहीं'वरची सुटली नाहीत. हात असा अर्धाच बदलतो. म्हणजे चारांतल्या दोन ठिकाणी तूच नापास. (एम. ए. मराठी, असो.) आणि ते बिचारे तुझं कौतुक करत होते गं. त्यांचं नाव झाकायचं राहिलं, की झाकलं नाहीस?

मीही तीस वर्षं लोकांच्या चुका काढूनच पोट भरलं. पण त्या समासात, बारीक अक्षरात, छापण्याआधी. अंक बाहेर पडल्यावर कुणाचं काय चुकलं होतं ते कुणाला कळत नसे. तू दुरुस्ती तीच करतेस, पण चौकात उभी राहून.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. खिळ्यांच्या, म्हणजे धातूची सुटी अक्षरं जुळवून छापायच्या दिवसांत, एका लग्नपत्रिकेत नवरदेवाच्या आजोबांचं 'कै.' नवरदेवाच्या नावाला लागलं आणि नवरदेवाचं 'चि.' आजोबांना. प्रूफ मी वाचलं होतं. पाचशे पत्रिका छापून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी मुलाचे वडील आले. प्रेसमध्ये चार गिऱ्हाइकं होती, म्हणून ते बाकावर बसून राहिले. सगळे गेल्यावर दार लोटलं, पत्रिका माझ्यापुढे ठेवली आणि हळूच म्हणाले, "भाऊ, आमच्या पोराला तेवढं जिवंत करून द्या."

रात्रभर ट्रेडल, म्हणजे छपाईचं यंत्र, चालवून पुन्हा छापल्या. कागदाचे पैसे पगारातून गेले. ते लोटलेलं दार मात्र अजून डोळ्यांपुढे आहे.

स्टोरी चोवीस तासांत आपोआप जाते, असं म्हणशील. त्याआधी काढ. आजोबांना खासगीत लिही. 'पूर्वी'चा दीर्घ सांगायचा तर सांग, पण 'नांव'चं आधी.

तुझे,
बाबा

ता. क. पत्र व्हॉट्सॲपवर पाठवतोय, पोस्टाने उशीर होईल. यात कुठे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर फोन कर. आईदेखत नको.