चौथ्या जनरेशनचं काय करू?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत नवीन प्रोसेसरवर पानभर मजकूर आला होता, चांगला होता, पण शेवटी "कॉम्प्युटर चार-पाच वर्षांपेक्षा जुना असेल तर बदलाच" असं एका ओळीत उरकून टाकलंय. ती ओळ वाचून आमच्या बिल्डिंगमधून मला तीन फोन आले, की तू त्या लाइनमधली आहेस तर सांग, बदलू का. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा पण आकडे कापू नका.

मी नौपाड्यात डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवते, पंचवीस वर्षं होऊन गेली. लग्नाच्या-मुंजीच्या पत्रिका, मंडळांची पावतीपुस्तकं, सोसायट्यांचे अहवाल, दिवाळीच्या आधी एखाद्या अंकाची पानं. "त्या लाइनमधली" म्हणजे एवढंच, हार्डवेअरचं शिक्षण काही नाही. पण पोट मशीनवर आहे आणि मशीन अडलं की गिऱ्हाईक समोर बसून घड्याळ बघतं, त्यामुळे कुठे अडतं ते बघायची सवय लागली.

माझं मशीन २०१४ मध्ये लॅमिंग्टन रोडवरनं असेंबल करून आणलेलं. इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर, चौथी जनरेशन (म्हणजे त्यांच्या प्रोसेसरची चौथी पिढी), ४५७० नंबरचा, आठ जीबी रॅम, एक टीबीची हार्डडिस्क. चार-पाच वर्षं छान चाललं, मग असं झालं की सकाळी शटर वर करून मशीन चालू करायचं, समोरनं कटिंग आणून प्यायचं, तरी विंडोज आपलं गोल गोल फिरतंय. दुरुस्तीला येणाऱ्या मुलाने झाकणसुद्धा न उघडता सांगितलं, "ताई, चौथी जनरेशन संपली आता, बोर्ड, प्रोसेसर, रॅम सगळं टाका नवीन." एस्टिमेट बघून मी ते कागदाच्या गठ्ठ्याखाली ठेवून दिलं.

माझा भाचा ऐरोलीला कामाला आहे, तो गणपतीत आला तेव्हा त्याने फक्त विंडोजमधला टास्क मॅनेजर (मशीनचा कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारा) उघडला आणि म्हणाला मावशी इथे बघ. डिस्क शंभर टक्के, आणि ज्याला सगळे म्हातारा म्हणत होते तो प्रोसेसर दहा-बारा टक्क्यांवर नुसता बसलेला. हार्डडिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७२०० वेळा फिरते आणि एक दांडी तिच्यावर पुढेमागे सरकत वाचते, विखुरलेल्या फाइली शोधायच्या तर सेकंदाला फार तर शंभरेक उड्या मारून ती दमते. एसएसडीत, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्कमध्ये, फिरणारं काहीच नाही, तिथे हाच हिशोब हजारांत जातो. मी ज्या प्रेसमध्ये काम शिकले तिथे जुने कंपोझिटर होते, त्यांचा हात बघत राहावं असा चालायचा, पण समजा खिळ्यांची (शिशाच्या अक्षरांची) केस खालच्या मजल्यावर ठेवली असती तर? माझ्या मशीनचं तेच चाललं होतं. तीन हजाराच्या आत एसएसडी आली, भाच्याने बसवली, आणि चहा प्यायला वेळच उरला नाही.

त्यानंतर परत एकदा मे महिन्यात मशीन दुपारी दोननंतर रखडायला लागलं. तेव्हाही एकाने जनरेशनचंच सुचवलं. उघडलं तर पंख्याखाली धुळीची गादी, आणि प्रोसेसर आणि त्याची उष्णता ओढणारा हीटसिंक यांच्या मधली थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर फार तापला की तो जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो, गोखले रोडवर दिवसभर जी धूळ उडते ती त्याच्या डोक्यावर बसल्यावर बिचारा दुसरं काय करणार. ब्लोअर मारला, नवी पेस्ट लावली, संपलं. (आपल्याकडे अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतात ना, त्यामुळे पण घोटाळा होतो, "सीपीयू स्लो झालाय" म्हणतात तेव्हा नेमकं काय स्लो झालंय ते कुणीच बघत नाही.)

आता गिगाहर्ट्झचं, म्हणजे प्रोसेसरचे सेकंदाला किती अब्ज ठोके पडतात त्याचं. माझ्याकडे येणारी मंडळी अजून तोच आकडा विचारतात. पेंटियम ४ ने २००४ मध्येच ३.८ गिगाहर्ट्झ गाठलं होतं, माझा २०१३ चा मॉडेल ३.२ वर चालतो, फार तर ३.६. म्हणून माझा त्याच्यापेक्षा हळू का? मुळीच नाही, एका ठोक्यात काम किती उरकतं ते बदललं, आणि एकाच्या जागी चार कोअर (प्रोसेसरमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आले. पण इथे एक मेख आहे जी पुरवणीत कुठे दिसली नाही. मी अजून पेजमेकरमध्ये (पानं जुळवायचं जुनं सॉफ्टवेअर) काम करते, हसू नका, आमच्यातले कितीतरी जण करतात, त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ मध्ये आली. त्या काळातलं सॉफ्टवेअर एका कोअरवर चालतं, त्याला सोळा कोअरवाला प्रोसेसर दिला तर पंधरा कोअर बाकावर बसून मॅच बघणार. नव्या प्रोसेसरमधला एकेक कोअरही जास्त वेगवान असतो हे खरं, पण सोळा पानी अहवालाला मला तो फरक कळतसुद्धा नाही.

मग प्रोसेसर कधी बदलायचा? टास्क मॅनेजरमध्ये तो खरंच शंभरला टेकून बसतो तेव्हा. माझी मुलगी व्हिडिओ एडिट करते, एका क्लासवाल्यांचे लेक्चर असतात, ती माझ्या मशीनवर एक्सपोर्ट लावायची तेव्हा चारही कोअर शंभरवर आणि अर्ध्या तासाच्या लेक्चरला आमची जेवणं होऊन भांडी घासून व्हायची. तिथे एसएसडीने काही फरक पडला नाही, तिथे कोअर पाहिजेत आणि व्हिडिओ एन्कोड करायचा नवा भाग पाहिजे जो आताच्या प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये असतो. तिला मी बदलू नको असं एकदाही म्हटलं नाही.

पण खरी गंमत पुढेच आहे. मशीन चांगलं चालू असलं तरी यादीतून नाव कापलं जातं. विंडोज ११ आलं २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये, आणि त्याच्या यादीत इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या जनरेशनपासून पुढचे, शिवाय टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) पाहिजे. आमच्या समोरच्या विंगमधल्या काकांनी २०१७ मध्ये हौसेने सातव्या जनरेशनचा आय-फाइव्ह घेतला, आणि आठवी जनरेशन डेस्कटॉपवर आली त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. नंतर आलेला आठवीतला साधा आय-थ्रीसुद्धा त्यांच्यासारखाच चार कोअरचा, पण तो यादीत आणि काका बाहेर! काका म्हणाले मग नुसता प्रोसेसर आठवीचा बसवतो, सॉकेट (बोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) तर तेच आहे, एलजीए ११५१. दिसायला तेच, पिना मोजायला तेवढ्याच, पण सातवीच्या बोर्डवर आठवीचा चालत नाही, त्याला पुढचा, ३०० सिरीजचाच बोर्ड लागतो. दुकानात जाऊन आल्यावर काकांनी मला सांगितलेलं वाक्य छापण्यासारखं नाही.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या आठवड्यात स्टेशन रोडच्या एका दुकानात मी स्वतः ऐकलं, एका आजोबांना सांगत होते की आता कॉम्प्युटर चालूच होणार नाही. धादांत खोटं. चालू होतो, फक्त सिक्युरिटीचे अपडेट थांबतात, आणि तेही नाव नोंदवलं तर घरगुती मशीनला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू ठेवला तर पैसेही पडत नाहीत. हे एवढंसं तुमच्या पेपरात चौकटीत छापलं असतं तर किती जणांचे पैसे वाचले असते, सांगा.

खर्चाचं बोलायचं तर प्रोसेसर हा त्यातला एक तुकडा. माझा चौथीचा बोर्ड डीडीआर ३ (रॅमचा जुना प्रकार, नंतर ४ आणि ५ आले) वर, म्हणजे प्रोसेसर बदलला की बोर्ड गेला, बोर्ड गेला की रॅम गेली. इंटेलची बारावी ते चौदावी एकाच एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतात, मग २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कोअर अल्ट्रा २०० आले तर परत नवीन सॉकेट. इंटेलसारखेच प्रोसेसर काढणाऱ्या एएमडीवाल्यांचं या बाबतीत बरं, माझ्या एका डिझायनर मैत्रिणीने वाशीला २०१७ मधला एएम ४ चा बोर्ड तसाच ठेवला, बायोस (बोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि त्यांचाच नवा प्रोसेसर रायझन ५६०० टाकला, रॅमसुद्धा जुनीच. त्यांचं नवं सॉकेट एएम ५, ते २०२२ चं, तिथे फक्त डीडीआर ५ चालते, पण २०२७ पर्यंत तरी ते सॉकेट चालू ठेवू असं कंपनीने सांगितलेलं आहे. मला वाटतं नवीन घेणाऱ्याने जनरेशनच्या आधी हे विचारावं, की तीन-चार वर्षांनी याच बोर्डवर पुढचा बसेल का.

आणि रॅम! २०२५ च्या शेवटी रॅमच्या भावाने सोन्याची वाट धरली. एआयच्या सर्व्हरना मेमरी लागते म्हणून बनवणाऱ्यांनी माल तिकडे वळवला, मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये क्रुशल नावाने किरकोळ विकायचं बंद करतोय म्हणून जाहीरच केलं. भाच्याबरोबर रबाळे-महापेकडून गाडीने जाताना ती खिडक्या नसलेली डेटा सेंटरं दिसतात ना, मी त्याला म्हटलं, बघ, माझी रॅम कुठे गेली ते.

सेकंडहँडचं पण सांगते कारण मुलगी त्यात फसता फसता राहिली. तिला तेराव्या जनरेशनचा आय-सेव्हन चांगल्या भावात मिळत होता. तेरावी-चौदावीच्या वरच्या मॉडेलांत व्होल्टेज जास्त जाऊन प्रोसेसर हळूहळू खराब व्हायचे, मशीन मधेच क्रॅश, इंटेलने २०२४ च्या ऑगस्टमध्ये त्यावर बायोसमधून दुरुस्ती दिली आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. पण दुरुस्तीने आधीच बिघडलेला प्रोसेसर बरा होत नाही. विकणाऱ्याला विचारलं बायोस कधी अपडेट केलं होतं, बिल आहे का, तर तो म्हणे मॅडम तुम्ही फार चौकशा करता. सोडून दिला.

शेवटी मी काय केलं ते सांगते. कंपनीतून निघालेला एक डबा घेतला, बाराव्या जनरेशनचा आय-थ्री १२१००, डीडीआर ४ वाला, आवाजसुद्धा येत नाही. नावाला आय-थ्री, पण माझ्या आय-फाइव्हला आरामात मागे टाकतो, म्हणून थ्री-फाइव्ह-सेव्हन बघून घेणाऱ्यांनी आधी जनरेशनचा आकडा बघावा. मेल, बिलं, जीएसटी, इनडिझाइनची नवी कामं सगळी त्याच्यावर. मुलगी रॅम उतरायची वाट बघतेय, तोवर रात्री एक्सपोर्ट लावून झोपते.

जुना आय-फाइव्ह टाकला नाही, टाकता येतच नाही. माझ्या मराठी फाँटचं लॉक आहे (हा तुकडा लावल्याशिवाय फाँट चालत नाही) ते प्रिंटर पोर्टला लागतं, तो रुंद पोर्ट नव्या डब्याला नाहीच, आणि वीस वर्षांच्या पत्रिका-अहवालांच्या फाइली त्याच जुन्या फाँटमध्ये, युनिकोडमध्ये (आता सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) नेल्या की जोडाक्षरं विस्कटतात. म्हणून त्याची नेटची वायर काढून टाकली, अपडेटची कटकट नको आणि व्हायरसची नको. पेनड्राइव्हने काम इकडून तिकडे नेते. परवाच एक गृहस्थ १९९८ ची त्यांच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले, म्हणाले मुलीच्या पत्रिकेला अगदी हीच अक्षरं पाहिजेत. जुन्या मशीनवर बसवून दिली, ते समोर बसून घड्याळ बघत होते, चाळीस मिनिटं लागली, त्यातली तीस नातेवाइकांची नावं टाइप करण्यात.

आपली,
एक डीटीपीवाली वाचक,
नौपाडा, ठाणे (प.)