'खुकरी'ला 2071 पर्यंत थांबवू नका

महोदय,

9 डिसेंबर 1971 च्या रात्री पाकिस्तानी पाणबुडी 'हंगोर'ने दीवपासून सुमारे 40 सागरी मैलांवर 'आयएनएस खुकरी' ही भारतीय युद्धनौका बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिकांना तिथेच जलसमाधी मिळाली. आपल्या 1958 च्या प्राचीन स्मारके कायद्याला 100 वर्षांची अट आहे, युनेस्कोच्या 2001 च्या करारातही तीच. त्या हिशेबाने 'खुकरी' वारसा ठरायला 2071 उजाडेल.

पोलाद तेवढे थांबत नाही. उघड्या समुद्रात ते वर्षाला साधारण 0.1 मिलिमीटर झिजते. गंज, चुना आणि शिंपल्यांचे कवच चढले की प्राणवायू कमी पोचतो आणि झीज मंदावते. पण ट्रॉलरचे जाळे अडकून ते कवच सोलले गेले, की उघडा पडलेला धातू पुन्हा भराभर गंजतो. भंगारचोरी तर याहून भयंकर. 1942 च्या जावा समुद्रातील लढाईत बुडालेल्या 'डी रॉयटर' आणि 'जावा' या डच क्रूझर 2002 मध्ये डायव्हरना सापडल्या. 2016 मध्ये तिथे तळावर नुसते खळगे होते. असे चोर क्रेनच्या बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू नौकेवरून, अवजड पंजा सोडून सांगाडा फोडतात. जहाज ढकलणाऱ्या पंख्यांच्या मिश्रधातूला भाव मोठा. त्याच ढिगाऱ्यातून माणसांच्या अस्थीही उपसल्या जातात.

ब्रिटनच्या 1986 च्या कायद्यात वयाची अट नाही. 4 ऑगस्ट 1914 नंतर बुडालेली लष्करी नौका नाव जाहीर करून संरक्षित करता येते. असाच कायदा आपल्याकडे हवा, आणि पहिले नाव 'खुकरी'चे.

सोबत पाहणीही हवी. आधी मल्टिबीम सोनारने, म्हणजे ध्वनिलहरींच्या झोतांनी तळ मोजणाऱ्या यंत्राने, नकाशा. मग दूरनियंत्रित कॅमेऱ्याने, प्रत्येक छायाचित्र आधीच्यावर निदान 60 टक्के चढेल असे चित्रण, नाहीतर त्रिमिती प्रतिकृतीत भोके पडतात. गंजण्याचे विद्युत विभव (धातू आणि समुद्राचे पाणी यांमधला विजेचा दाब) ठरलेल्या जागी मोजावे: सिल्व्हर क्लोराइड इलेक्ट्रोड या प्रमाण मापकाच्या तुलनेत ते उणे 600 मिलिव्होल्टच्या आसपास असेल तर पोलाद गंजते आहे, उणे 800 च्या खाली असेल तर सुरक्षित. मोजताना कवचाला भोक पाडावे लागते, म्हणून दारूगोळ्याच्या कोठाराची बाजू टाळावी आणि भोक लगेच बुजवावे. दर पाच वर्षांनी त्याच जागा पुन्हा मोजल्या तरच आकड्यांना अर्थ. मार्माराच्या समुद्रात 1915 मध्ये बुडालेल्या ऑस्ट्रेलियन 'एई-2' पाणबुडीला 2014 मध्ये, स्वतः झिजून पोलाद वाचवणारे ॲनोड जोडले गेले. पाहणीतून गरज दिसली, तर 'खुकरी'साठीही तो मार्ग आहे.

ही जागा 12 सागरी मैलांच्या हद्दीबाहेर आहे, त्यामुळे परकीय बार्जला नुसता देशी कायदा पुरणार नाही. बुडाली तरी युद्धनौका भारत सरकारचीच आहे, हे अधिकृतपणे जाहीर करावे आणि तटरक्षक दलाच्या नेहमीच्या गस्तीत ती जागा घालावी.