फुग्यावरचं तळं उपसणाऱ्या हातांना

आदरणीय सिस्टर,

व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला चौथ्या दिवशी ताप चढला नाही, एक्स-रेवर नवा डाग आला नाही, अँटिबायोटिक बदलावं लागलं नाही, तर केसपेपरवर त्याची वेगळी नोंद होत नाही. न झालेला न्यूमोनिया कुणाच्या खात्यावर जमा होत नाही. म्हणून तुम्ही नेमकं काय केलंत ते इथे लिहून आम्ही तुमचे आभार मानतो आहोत.

तोंडातून श्वासनलिकेत घातलेली व्हेंटिलेटरची ट्यूब जीव वाचवते, पण घशाची राखण मोडते. स्वरयंत्र मिटत नाही, खोकला नीट येत नाही. तोंडातली लाळ, नाकघशातला स्राव, कधी पोटातून वर आलेलं पाणी ट्यूबच्या कडेनं उतरून तिच्या खालच्या टोकाभोवतीच्या, हवा भरलेल्या कफवर साचतं. (मराठीत इथे घोटाळा होतो: ट्यूबचाही कफ आणि छातीतलाही कफ. नातेवाइकांना समजावताना तुम्ही ट्यूबच्या कफला ‘फुगा’ म्हणता, तोच शब्द आम्ही घेतो.) हा फुगा बाटलीच्या बुचासारखा घट्ट बसत नाही. श्वासनलिकेच्या अस्तरावर दाब कमी पडावा म्हणून तो मुद्दाम श्वासनलिकेपेक्षा मोठ्या व्यासाचा करतात. मग तो आत पुरता उलगडत नाही, त्याला लुगड्याच्या निऱ्यांसारख्या उभ्या चुण्या पडतात. त्या चुण्यांतून वरचं पाणी जंतूंसकट थेंब थेंब फुप्फुसाकडे झिरपतं. ट्यूब घातल्यावर ४८ तासांनंतर होणाऱ्या न्यूमोनियाची ही मोठी वाट.

ती बुजवायचे प्रयत्न बरेच झाले. फुग्यासाठी पीव्हीसी प्लास्टिकच्या सुमारे ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीऐवजी ७ मायक्रॉनचं पॉलियुरेथेन हे दुसरं प्लास्टिक वापरल्यावर चुण्या बारीक झाल्या. निमुळत्या फुग्यांनी प्रयोगशाळेत गळती कमी केली, रुग्णांमध्ये मात्र न्यूमोनिया खात्रीनं घटलेला दिसला नाही. चांदीचा लेप दिलेल्या ट्यूबच्या २००८ मधल्या मोठ्या चाचणीत न्यूमोनियाचं प्रमाण ७.५ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. आमच्या मते सर्वांत कामाची सुधारणा अगदी साधी आहे: फुग्याच्या लगेच वर, पाठीच्या बाजूला एक भोक आणि तिथून बाहेर येणारी बारीक नळी. साचलेलं तळं त्यातून उपसता येतं. पण सिरिंज कुणीतरी लावावी लागते.

ती तुम्ही लावलीत. दर दोन तासांनी, रात्री तीन वाजताही, १० मिलीची सिरिंज लावून हळू ओढलीत. झटका दिला तर श्वासनलिकेचं अस्तर भोकात खेचलं जातं आणि जखम होते. काहीच आलं नाही, तेव्हा ‘कोरडं’ लिहून पुढे गेला नाहीत. भोक अस्तराला चिकटलेलं असतं किंवा स्राव घट्ट झालेला असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. आधी फुग्याचा दाब पाहिलात, मग त्या नळीतून ३ ते ५ मिली हवा ढकलून पुन्हा ओढलीत. हा क्रम उलटा झाला आणि फुगा सैल असला, तर वरची घाण हवेबरोबर खाली जाते.

दाबाचंही तसंच. पायलट बलून (फुग्याला जोडलेला, बाहेर राहणारा छोटा फुगा) बोटांनी चाचपून ‘ठीक आहे’ म्हणणं सोपं असतं, पण बोटाचा अंदाज दोन्ही बाजूंनी चुकतो. फुग्यातला दाब २० सेंमी पाणी (हे दाबाचं एकक) याच्या खाली गेला की गळती वाढते, ३० च्या वर अस्तराचा रक्तपुरवठा दबतो. तुम्ही दर पाळीला, आणि कूस बदलल्यावर किंवा सीटीहून परत आल्यावर पुन्हा, मॅनोमीटर (दाब मोजायचं उपकरण) लावलात. जोडताना फुग्यातली थोडी हवा मॅनोमीटरच्या नळीत जाते आणि आकडा खाली दिसतो. म्हणून नुसता आकडा टिपून न थांबता दरवेळी दाब २५ वर आणूनच मॅनोमीटर काढलात. ही बारकाई नव्या डॉक्टरांनाही तुम्हीच शिकवता.

पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंशांवर ठेवलंत, तेही पलंगाच्या कोनमापकावर पाहून. रुग्ण घसरून खाली आला की कोन कागदावरच उरतो, म्हणून त्याला पुन्हा वर सरकवलंत. मऊ ब्रशनं दात घासलेत. तोंड साफ करायचं जंतुनाशक क्लोरहेक्सिडिन सरसकट नको, असं २०२२ च्या अमेरिकी मार्गदर्शनात आल्यावर बाटली बाजूला ठेवलीत आणि ब्रश चालू ठेवलात. सक्शन (ट्यूबमधून छातीतला कफ ओढून काढणं) घड्याळ पाहून केलं नाहीत, छातीत घरघर ऐकू आल्यावर केलंत: ८ नंबरच्या (आतून ८ मिमी) ट्यूबला १२ फ्रेंचचा (सुमारे ४ मिमी जाडीचा) कॅथेटर म्हणजे ओढायची बारीक नळी, १५ सेकंदांच्या आत बाहेर. सर्किटमध्ये, म्हणजे व्हेंटिलेटरच्या नळ्यांत, साठलेलं पाणी रुग्णापासून दूर ओतलंत.

आणि रोज सकाळी राउंडला तुम्ही विचारता, “सर, आज झोपेचं औषध थांबवून बघायचं का?” ट्यूब जितकी लवकर निघेल तितका धोका कमी, आणि त्या प्रश्नाशिवाय एखादा दिवस सहज वाया जातो. ट्यूब काढायचं ठरलं, की फुग्यातली हवा सोडायला पुढे झालेला आमचा हात तुम्ही थांबवता, आधी वरचं तळं शेवटचं उपसता, तोंड साफ करता आणि मगच म्हणता, “आता सोडा.”

त्या थांबवण्याबद्दलही मनापासून आभार.

आपले,
आयसीयूतले डॉक्टर सहकारी