वह्या रद्दीत देऊ नका, तात्या

टोरांटो

ती. तात्यांस शिरसाष्टांग नमस्कार.

गणपत गल्लीतल्या दुकानाची चावी पुढच्या महिन्यात नव्या मालकाला द्यायची, असं परवा फोनवर म्हणालात तेव्हा मी गप्प राहिले. निर्णय बरोबरच आहे. बेळगावात राहून गल्ल्यावर बसणारं आपल्यात आता कोणी नाही, आणि तुम्ही तरी कोल्हापुराहून किती फेऱ्या मारणार? पण "माळ्यावरच्या वह्या रद्दीवाल्याला देऊन टाकतो" म्हणालात, ते काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून हे पत्र.

इथल्या मोठ्या संग्रहालयात टिमथी ईटन या दुकानदाराचा पुतळा आहे, खुर्चीत बसलेला. त्याच्या डाव्या बुटाला हात लावला की नशीब उजळतं म्हणतात. हात लागून लागून तेवढंच टोक पिवळंधमक चकाकतं. मीही लावला, आणि आपल्या दुकानाचा उंबरा आठवला. तो असाच मधोमध झिजून खोलगट झालाय.

हा ईटन आयर्लंडहून आलेला. 1869 साली यंग स्ट्रीटवर त्यानं कापडाचं दुकान घातलं. त्या काळी इथेही उधारी आणि घासाघीस चालायची. त्यानं दोन्ही बंद केलं. एकच भाव, रोख पैसे, माल पसंत नसेल तर पैसे परत. 1884 पासून मालाची छापील यादी निघू लागली आणि दूरदूरचे शेतकरी टपालानं कपड्यांपासून अवजारांपर्यंत सगळं मागवू लागले. यादी जुनी झाली की पोरं ती नडगीला बांधून हॉकी खेळायची! चार पिढ्यांनी दुकान चालवलं, 1999 मध्ये दिवाळं निघालं. पण त्यांची कागदपत्रं ऑन्टारिओच्या सरकारी दप्तरखान्यात नीट जपून ठेवलीत.

आजोबांची रीत याच्या अगदी उलट. रोखीची सक्ती त्यांना कधीच पटली नसती. सुगी झाल्यावर पैसे येणार हे धरूनच ते ठाण उलगडायचे. मला वाटतं, गल्ल्यावर रोख मोजून गेलेल्या माणसाचं नाव कुठे राहत नाही. उधारीवाल्याचं राहतं, गावासकट.

मागच्या खेपेला मी 1956 ची लाल वही उघडली होती. 1 नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला, कोल्हापूर जिल्ह्याला जोडला. मोर्चे, सत्याग्रह, सगळं तुम्ही पाहिलंत. पण लक्ष्मीपूजनाच्या त्या नव्या वहीत पहिल्या पानावर श्री, हळदीकुंकवाची बोटं, आणि उलटल्यावर चंदगडची सगळी खाती मागील बाकीसकट जशीच्या तशी! एका खात्यावर थोरल्या मुलीच्या लग्नाचा बस्ता लिहिलाय, लुगडी, खण, धोतरजोड्या. त्याखाली दुसऱ्या शाईत, "भात दोन पोती जमा". मधे राज्य बदललं, पण आजोबांनी ना त्याचं खातं मिटवलं ना तगादा लावला. त्यानंही पोती सीमेपलीकडून आणून टाकली. मी ते पान कितीदा तरी वाचलं, तात्या. बैलहोंगलकडच्या गिऱ्हाइकांच्या कन्नड सह्याही त्याच वहीत आहेत, दोन पानं पुढे.

पणजोबांच्या वह्या मोडी लिपीत आहेत. त्या वाचणारं माणूस मी शोधते.

तोवर एवढं करा. सगळ्या वह्या आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत घाला, तळाशी कडुनिंबाचा वाळका पाला टाका. ट्रंक भिंतीला टेकवू नका, वाळवी लागेल. कोल्हापूरला नेताना 1956 ची तेवढी पिशवीत वेगळी, हातात धरून न्या. तिची शिवण सुटलीय. मी डिसेंबरात येतेय.

काकूंना नमस्कार.

तुमची,
धाकटी