बोर्डासमोर थांबलेली माणसं

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू वैतागून म्हणालीस, "आई, आमच्या कॅफेत लोक काउंटरपाशी येतात आणि नुसते मेनूच्या बोर्डाकडे बघत राहतात, मागे रांग खोळंबते." ते मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

ती माणसं वाचत असतात गं. आपल्याकडे कॉफी म्हणजे दूध-साखर घालून उकळलेली, वर जायफळ. तुमच्या बोर्डावरची अक्षरं त्यांना वाचता येतात, पण कपात काय येणार ते कळत नाही. मग माणूस किंमत वाचतो, कारण तेवढीच ओळखीची. सगळ्यात स्वस्त बहुतेक ठिकाणी एस्प्रेसो असते. तो ती मागतो आणि समोर येतो जेमतेम ३० मिलीचा कडू, बिनदुधाचा घोट. परत करायला जीभ रेटत नाही. पैसे देऊन, निमूटपणे संपवून निघून जातो, आणि पुन्हा त्या दारात पाऊल टाकत नाही.

पैसे घेण्याआधी एवढं सांगत जा: "काका, ही छोटी आणि कडू असते. दुधाची हवी तर कॅपुचिनो किंवा लाते घ्या. लातेत दूध जास्त, कॅपुचिनोवर फेस जाड. साखर त्या टेबलावर आहे, आपली आपण घालायची." अर्धं मिनिटही लागत नाही. आकारांचंही तेच. स्टारबक्समध्ये ३५४ मिलीच्या कपाला 'टॉल' म्हणतात, हे सांगितल्याशिवाय कुणाला कसं कळणार? कप हातात धरून दाखव.

माझी सगळी नोकरी बँकेच्या काउंटरमागे गेली. पैसे काढायची स्लिप पुढे सरकवून "चष्मा घरी राहिला हो, तुम्हीच भरा" म्हणणारे रोज यायचे. त्यांतले कितीतरी जण घरी पेपर वाचणारे. पण रक्कम अंकी कुठे, अक्षरी कुठे, मागच्या बाजूला आणखी एक सही कशाला, हे त्यांना कुठल्या शाळेत शिकवलं होतं? तुझ्याकडे तीच माणसं "तुम्हीच द्या काहीतरी चांगलं" म्हणतील, नाहीतर "मुलगा येतोय, थांबतो जरा" म्हणून बाजूला होतील. हे बोलणं ओळखायला शीक. त्यांना मोठ्याने समजावू नकोस, रांगेतल्या लोकांना ऐकू जातं.

टेबलावरच्या क्यूआर कोडवरच मेनू असेल, तर छापील कार्ड मागायच्या आधीच पुढे कर. आणि मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही, असं कुणालाही सांगू नकोस. नंबरासाठी अडून बसू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं आहे. नको म्हणता येतं, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं.

बोर्डाचा फोटो पाठव. मी मराठीत यादी करून देते: नाव, आत काय, दूध आहे की नाही, कप केवढा. काउंटरवर ठेवू देतात का, ते मॅनेजरला विचार. आणि दुपारचं जेवण चुकवू नकोस.

तुझी,
आई