जाळी कुठली, हे ठरवण्याआधी

ती. आई-बाबांना,
सा. न.

काल फोनवर तुम्ही दोघंही एकदमच बोलत होतात, त्यात माझं निम्मं सांगायचं राहिलं. म्हणून सविस्तर लिहितेय. पत्र मुद्दाम दोघांच्या नावे आहे. ‘यांना सगळं सांगत बसू नकोस’ असं आईनं मला बजावलंय, पण आई, स्टेंट, म्हणजे चेपलेली पित्तनलिका उघडी ठेवणारी नळी किंवा जाळी, बाबांच्या पोटात बसणार आहे आणि संमतीपत्रावर सहीही तेच करणार आहेत. कॅन्सरची शंका रिपोर्टात स्पष्ट लिहिलेली आहे आणि बाबांनी तो वाचलाय, चष्मा लावून, दोनदा. आता आडून बोलण्यात काही अर्थ उरलेला नाही.

आधी अडचण नेमकी कुठे आहे ते. लिव्हरमध्ये दिवसाला साधारण अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतं आणि पित्तनलिकेतून आतड्यात उतरतं. ही नलिका आतड्यात उघडण्याच्या जरा आधी स्वादुपिंडाच्या डोक्यातून जाते, आणि बाबांची गाठ बरोबर तिथेच आहे. बाहेरून दाब आला, नलिका चेपली, पित्त तुंबलं आणि रक्तात मिसळायला लागलं. डोळे पिवळे, लघवी गडद, शौचाचा रंग फिका, हे सगळं त्यातूनच आलंय. रात्री तळपायांना सुटणारी खाजही त्यातलीच. ती त्वचेची नाहीच, त्यामुळे मलम बदलून काही होणार नाही. पित्ताला वाट मिळाली की ती आपोआप कमी होते. के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन कशाला, असं आई विचारत होती. हे जीवनसत्त्व शोषलं जायला आतड्यात पित्त लागतं. ते पोचत नसलं की रक्त गोठायला वेळ लागतो, म्हणून प्रोसिजरच्या आधी ते देतात.

एक गोष्ट मात्र कुणी गोड करून सांगितली तरी विसरू नका. स्टेंट कावीळ उतरवतो, गाठीला काही करत नाही. तरीही तो महत्त्वाचा आहे, कारण बिलिरुबिन, म्हणजे रक्तात साचून कावीळ दाखवणारं पित्तातलं पिवळं द्रव्य, खाली आल्याशिवाय बरीचशी केमोची औषधं नीट देता येत नाहीत.

आता प्लॅस्टिक की धातू. इथे माझ्या मनात फारशी शंका नाही. प्लॅस्टिकचा नेहमीचा मोठा स्टेंट जेमतेम सव्वातीन मिलिमीटर जाडीचा, म्हणजे बॉलपेनच्या रिफिलएवढा. त्याच्या आत जंतूंचा बुळबुळीत थर धरतो, त्यावर पित्ताचा गाळ बसतो आणि तीनेक महिन्यांत तो तुंबतो. मग पुन्हा दुर्बीण, पुन्हा बदली. धातूचा स्टेंट पूर्ण उघडला की दहा मिलिमीटरचा होतो. तोंडाचं क्षेत्रफळ काढून पाहा बाबा, जवळजवळ नऊपट भरतं. तो बसवायची पद्धतही पाहण्यासारखी आहे. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, निटिनॉलची, ही विणलेली जाळी एका बारीक नळीत दाबून बसवलेली असते. तोंडातून दुर्बीण आतड्यापर्यंत नेतात, पित्तनलिकेच्या तोंडातून आधी एक तार वर सरकवतात, त्या तारेवरून ही नळी अडथळ्याच्या पलीकडे जाते आणि मग बाहेरचं आवरण हळूहळू मागे ओढतात. जाळी स्वतःच फुलते. एक्स-रेच्या पडद्यावर दोन्ही टोकं उघडलेली आणि मधे गाठीपाशी कंबर आवळल्यासारखी दिसते. डॉक्टरांनी तो फोटो दाखवला तर ‘अर्धवटच उघडला की काय’ म्हणून घाबरू नका. ती कंबर पुढच्या एक-दोन दिवसांत सैल होत जाते.

खरा घोळ झालाय तो पुढच्या प्रश्नावरून, कव्हर्ड की अनकव्हर्ड. आईच्या डोक्यात बसलंय की कव्हर्ड नवा, म्हणजे चांगला. बाबांना हवाय ‘एकदाच बसवला की पुन्हा बघायला नको’ असा. असा कुठलाच नाही, बाबा. दोन्ही कधी ना कधी बिघडू शकतात, फक्त बिघडायची तऱ्हा वेगळी.

अनकव्हर्ड म्हणजे नुसती जाळी. तिच्या तारा नलिकेच्या भिंतीत रुततात, म्हणून ती जागची फारशी हलत नाही. पण त्याच भोकांतून गाठ आत वाढते आणि काही महिन्यांनी वाट पुन्हा अरुंद होऊ शकते. तेव्हा ती जाळी बहुधा काढता येत नाही, तिच्या आतच दुसरा स्टेंट घालतात. कव्हर्ड जाळीवर सिलिकॉनसारखा पातळ पापुद्रा असतो. गाठीला आत शिरायला जागा मिळत नाही आणि गरज पडली तर दुर्बिणीतून स्टेंट पकडून काढता येतो. पण भिंतीत रुतत नसल्यामुळे तो निसटण्याची शक्यता जास्त. आत गाळही साचू शकतो आणि गाठ टोकावरून वाढून तोंड झाकू शकते. निसटू नये म्हणून दोन्ही टोकं उघडी ठेवलेला, अर्धा झाकलेला प्रकारही आहे, पण त्याची उघडी टोकं रुतली की काढणं पुन्हा अवघड. थोडक्यात, फुकट काहीच मिळत नाही.

दोन्हींची तुलना करणारे बरेच अभ्यास झालेत, ते एकत्र करूनही पाहिलेत. रुग्ण किती जगतो यात ठळक फरक दिसत नाही. स्टेंट किती दिवस मोकळा राहतो, यावरही सगळ्यांचं एकमत नाही. त्यामुळे ‘चांगला कुठला’ हा प्रश्न घेऊन डॉक्टरांशी वाद घालू नका. मला विचाराल तर आपल्यासाठी मुद्दा वेगळाच आहे: बायॉप्सीचा पक्का निकाल अजून आलेला नाही. पहिल्या नमुन्यात पेशी पुरेशा नव्हत्या, दुसरा दिलाय. स्वादुपिंडाची ऑटोइम्यून सूज, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटून आलेली सूज, हुबेहूब गाठीसारखी दिसू शकते आणि ती स्टेरॉइडनं उतरते. ती शक्यता कमी आहे, उगाच आशा लावून बसू नका. पण निदान नक्की नसताना न निघणारी जाळी कायमची बसवून टाकायची नाही, एवढं मला पक्कं वाटतं. हे माझ्या मनचं नाही. युरोपातल्या एंडोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात: कारण सिद्ध झालेलं नसेल तर अनकव्हर्ड धातूचा स्टेंट घालू नये. म्हणजे आत्ताच घालायची वेळ आली तर कव्हर्ड, आणि नंतर निदान ठरलं की पुढचं पुढे.

यात एक पण आहे. बाबांचं पित्ताशय अजून जागेवर आहे. त्याची नळी मुख्य पित्तनलिकेला जिथे मिळते ते तोंड पापुद्र्याखाली झाकलं गेलं तर पित्ताशयाला सूज येऊ शकते, विशेषतः गाठ त्या तोंडापर्यंत पोचलेली असेल तर. तेव्हा ‘दोन नळ्यांचा जोड कुठे आहे, गाठ तिथवर गेली आहे का, स्टेंट त्याच्या खालीच राहील का?’ हे जरूर विचारा. एमआरसीपीच्या, म्हणजे पित्तनलिकांच्या एमआरआयच्या, चित्रांत ते दिसायला हवं. हा प्रश्न बाबांनीच विचारावा, नकाशे वाचायची हौस त्यांनाच आहे.

आईच्या ओळखीतल्या त्या काकूंना दोन अनकव्हर्ड स्टेंट घातले आणि उत्तम चालले, हे खरं असेलही. पण त्यांचा अडथळा वर होता, लिव्हरच्या दाराशी, जिथे उजवी आणि डावी नलिका एकत्र येते. तिथे पापुद्रा असलेला स्टेंट घातला तर बाजूच्या फांद्यांची तोंडं बुजतील आणि तुंबलेल्या भागात जंतुसंसर्ग होईल. म्हणून तिथे सहसा उघडी जाळीच वापरतात. त्यांचा अनुभव बाबांना लागू होत नाही. तेव्हा दर दोन दिवसांनी त्यांना फोन नको, ही विनंती.

ऑपरेशनचं. सर्जननी ते लगेच करायचं म्हटलं, तर स्टेंट लागेलच असं नाही. नेदरलँड्समधल्या २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वादुपिंडाच्या डोक्याचा कॅन्सर असलेल्यांना थेट ऑपरेशनला नेलं तेव्हा ३९ टक्क्यांना गंभीर गुंतागुंत झाली. आधी स्टेंट घालून काही आठवडे थांबलेल्यांत ती ७४ टक्के होती. त्यात प्लॅस्टिकचे स्टेंट वापरले होते, हे खरं. तरी ‘कावीळ आहे म्हणजे आधी ती उतरवायचीच’ असा नियम नाही. ताप आला असेल, खाज सहन होत नसेल, ऑपरेशन लांबणार असेल किंवा आधी केमो ठरली असेल, तर स्टेंट हवा. त्यामुळे एंडोस्कोपीची तारीख घेण्याआधी सर्जनचं मत घ्या. दोन डॉक्टर एकमेकांशी बोललेत का, हेही विचारा. त्यात संकोच कसला? धातूचा आखूड स्टेंट नंतरच्या ऑपरेशनच्या आड येत नाही, फक्त वरचा नलिकेचा भाग जोडणीसाठी मोकळा राहायला हवा.

बाबांची रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, ते एंडोस्कोपीवाल्यांना आधीच सांगा. आपल्या मनानं बंद मात्र करू नका. प्रोसिजरनंतर पहिल्या दिवसात पोटाच्या वरच्या भागात सुरू होऊन पाठीत जाणारी जोराची कळ आली, तर स्वादुपिंडाला सूज आलेली असू शकते, लगेच सांगायचं. पुढे कधीही थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पुन्हा पिवळे झाले तर स्टेंट तुंबलाय किंवा सरकलाय असं धरून त्याच दिवशी हॉस्पिटल. तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही, आई. तुंबलेल्या पित्तातला संसर्ग रक्तात पसरायला वेळ लागत नाही.

स्टेंट बसला की त्याचा प्रकार, लांबी, जाडी आणि तारीख डिस्चार्जच्या कागदावर लिहून घ्या. पुढे एमआरआय करायचा झाला किंवा दुसऱ्या डॉक्टरनं दुर्बीण घातली, तर पहिला प्रश्न तोच येतो. आणि सर्जनला पुरेल असा सीटी स्कॅन स्टेंटच्या आधीच झालेला हवा. नंतर धातूमुळे आणि सुजेमुळे गाठीच्या कडा नीट दिसत नाहीत. मागच्या स्कॅनची सीडी कपाटात वरच्या कप्प्यात आहे, रिपोर्टच्या पाकिटात नाही. तिथून काढून सर्जनकडे जाताना बरोबर न्या.

तुमची लेक